नऊ आव, जेरुसलेम आणि मोड आलेले वाल

रविवार, २३ जुलै २०२३

धार्मिक ज्यू माणूस दिवसातून तीन वेळा प्रार्थनेत मागतो की जेरुसलेमचं मंदिर पुन्हा उभं राहू दे, लवकर, आमच्याच हयातीत. जेवण झाल्यावर जी प्रार्थना म्हणतात त्यात परत जेरुसलेम बांधून दे म्हणून आहेच. लग्नात ग्लास फोडायचा तो मंदिराच्या आठवणीने, नवं घर बांधलं तर दारासमोरच्या भिंतीचा हातभर लांब हातभर रुंद तुकडा गिलावा न करता सोडायचा तोही त्याच आठवणीने. रोमन सैन्याने इसवी सन ७० मध्ये जे जाळलं ते साडेएकोणीसशे वर्षं हे लोक रोज परत मागतायत. आणि मला कित्येक वर्षं एकच भोचक प्रश्न पडलेला, की यांना ते खरंच हवंय का? म्हणजे उद्या सकाळी कोणी म्हणालं की घ्या, जागा मोकळी आहे, दगड आलेत, बळीची कोकरं आलीत, करा सुरू, तर?

हे विचारायचं तर जायची वेळ एकच, ज्यू पंचांगातल्या आव महिन्याची नऊ तारीख, म्हणजे तिशा बआव. परंपरा सांगते की पहिलं मंदिर (इ.स.पू. ५८६, बॅबिलोनवाले) आणि दुसरं (रोमन) दोन्ही याच तिथीला गेली. साधारण पंचवीस तासांचा निर्जळी उपास, आंघोळ नाही, चामड्याची चप्पल नाही, एकमेकांना नमस्कार-चमत्कारसुद्धा नाही. यंदा तो बुधवार संध्याकाळ ते गुरुवार रात्र असा आलाय. त्या हिशेबाने तिकिटं काढली तेव्हा नवरा म्हणाला, लोक तिकडे बीचवर जातात आणि आपण सुतक पाळायला चाललोय.

मुक्काम लोदला, विमानतळाच्या जवळच, मावशींकडे. मावशी म्हणजे ठाण्याला आमच्या शेजारी राहायच्या, बेने इस्राएल म्हणजे कोकणातल्या ज्यू, मूळ अलिबागकडच्या, मुलगी इकडे आली म्हणून उतारवयात इकडे आल्या आणि आता भाजीवाल्याशी हिब्रूत भांडतात. आम्ही पोचलो तर ओट्यावर मोठ्या पातेल्यात वाल भिजत घातलेले, रामलेच्या बाजारात इंडियन दुकान आहे तिथून आणलेले. बेने इस्राएल लोकांत या उपासाला नावच बिरड्याचा रोजा. मावशींकडे उपास सुटतो तो बिरडं-भाताने. "मंदिर राहिलं बाजूला, बिरडं एक वर्ष चुकलं नाही माझं," हे त्यांचेच शब्द.

रात्री नातू आला, आयटीतला, शनिवारी (धर्माने गाडीला मनाई असते तेव्हा) बिनधास्त गाडी चालवणारा, उपास वगैरे न करणारा. खांद्यावर इस्राएलचा झेंडा. सध्या न्यायालयाचे अधिकार कमी करणाऱ्या कायद्यावरून देशभर निदर्शनं चालू आहेत, काल हजारो लोक तेल अवीवहून जेरुसलेमपर्यंत चालत आले आणि तिथल्या साकेर पार्कमध्ये तंबू ठोकून बसलेत. हा म्हणाला, "हे लोक तिसरं मंदिर पाडतायत." मी चाट. मग कळलं की त्याच्यासारख्यांच्या बोलण्यात पहिलं मंदिर, दुसरं मंदिर आणि तिसरं म्हणजे हे राज्य, १९४८ चं. तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या (धर्मगुरूंच्या) चर्चांच्या जुन्या ग्रंथात, म्हटलंय की दुसरं मंदिर पडलं ते लोकांनी एकमेकांचा विनाकारण द्वेष केला म्हणून, आणि याच आठवड्यात देश असा उभा दुभंगलेला, त्यामुळे टीव्हीवर सुद्धा तेच चाललंय. म्हणजे ज्याला दगडाचं मंदिर नकोच आहे तोही घाबरला की तीच भाषा बोलतो.

सोमवार, २४ जुलै

ट्रेनने जेरुसलेम. जुन्या शहरात ज्यू क्वार्टरमध्ये टेम्पल इन्स्टिट्यूटचं म्युझियम आहे, तिथे आधी जायचं असं ठरवलेलं कारण हे लोक या विषयात सगळ्यात पुढे. १९८७ मध्ये रब्बी यिस्राएल आरिएल यांनी ही संस्था काढली, १९६७ च्या युद्धात ते पॅराट्रूपर म्हणून याच भागात पोचले होते. इथल्या वस्तूंना मॉडेल म्हणायचं नाही, त्या वापरायच्या आहेत. चांदीचे कर्णे, रक्त झेलायची भांडी, हातपाय धुवायचं तांब्याचं मोठं पात्र, मुख्य पुजाऱ्याचा बारा रत्नांचा उरपट, सगळं शास्त्रात दिलेल्या मापाने करून ठेवलंय. मेनोरा म्हणजे सात फांद्यांची दीपमाळ बाहेर आहे, पश्चिम भिंतीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर काचेच्या पेटीत, साधारण ४५ किलो सोनं, आणि तिच्यासमोर सेल्फीची रांग.

आमच्या ग्रुपमध्ये अमेरिकेहून आलेली एक धार्मिक फॅमिली होती, चार मुलं. गाइड मोठ्या उत्साहाने सांगत होती की रोज दोन कोकरं, एक सकाळी एक संध्याकाळी, शनिवारी आणखी दोन, सणांना बैल वेगळे. सात-आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, रोज? म्हणजे रोजच? गाइड म्हणाली हो, रोज. मुलीने आईकडे बघितलं आणि आईने पर्समधून पाण्याची बाटली काढून तिला दिली, तहान लागल्याचं ती काही बोलली नव्हती. वडील लाल गायीबद्दल विचारायला लागले.

लाल गायीचं प्रकरण थोडं सांगायला हवं. प्रेताचा विटाळ झालेल्या माणसाने मंदिराच्या आतल्या भागात जायचं नाही, आणि हॉस्पिटल, अंत्यविधी, कुठे ना कुठे तो विटाळ सगळ्यांनाच लागलेला असतो. तो घालवायचा तर पूर्ण लाल गाय जाळून तिची राख पाण्यात मिसळून शिंपडायची, बायबलच्या गणना पुस्तकात एकोणिसावा अध्याय. गायीला दुसऱ्या रंगाचे दोन केस निघाले तरी बाद, जू मानेवर ठेवलेलं असेल तरी बाद. सप्टेंबर २०२२ मध्ये टेक्सासहून अशा पाच कालवडी विमानाने आणल्या, त्या वाढवतायत आणि केस तपासतायत. ऐकायला गंमत वाटते पण ही मंडळी हिशेबाला पक्की आहेत. हवंय म्हणतात तर पुजाऱ्यांच्या अंगरख्याची मापंसुद्धा काढून तयार. तेवढं मानायला पाहिजे.

तिथून बर्न्ट हाऊस बघितलं, सन ७० च्या आगीत जळालेलं पुजारी घराण्यातलं घर, काळे पडलेले दगड तसेच ठेवलेत. संध्याकाळपर्यंत क्नेसेतमध्ये, म्हणजे इथल्या संसदेत, तो न्यायालयाचा कायदा ६४ विरुद्ध शून्यने पास झाला, विरोधक उठून बाहेर गेलेले. रस्ते बंद, पाण्याचे फवारे, स्टेशनला पोचेपर्यंत पायाचे तुकडे. मावशींनी वाल फडक्यात बांधून ठेवले होते.

मंगळवार, २५ जुलै

सकाळी लवकर रांगेत. मंदिर जिथे होतं त्या टेकडीवर आज अल अक्सा मशिदीचं आवार आहे; मुसलमान नसलेल्यांना तिथे वर जायला एकच वाट, मुघराबी गेटला जाणारा लाकडी पूल. पुलाच्या तोंडाशी मुख्य रब्बींच्या कार्यालयाचा बोर्ड, की जागेच्या पावित्र्यामुळे धर्मशास्त्राप्रमाणे इथे प्रवेशाला मनाई आहे. मनाई आमच्यासाठी नाही, ज्यूंसाठी. ज्या जागेसाठी रोज तीनदा प्रार्थना त्या जागेवर पाय ठेवू नको असं त्यांचाच धर्म सांगतो, कारण तोच, विटाळ आहे आणि राख नाही, आणि गाभारा नेमका कुठे होता ते माहीत नसताना चुकून तिथे पाय पडला तर महापाप. १९६७ मध्ये इस्राएली सैन्याने ही जागा घेतली आणि काही दिवसांतच संरक्षणमंत्री मोशे दयान यांनी आतला कारभार मुस्लिम वक्फकडे राहू दिला. त्याच सुमारास मोठमोठ्या रब्बींनी वर जायला बंदी केली. म्हणजे सैन्य आणि सरकार सगळं हातात असताना ही सोय झाली आणि मला तर वाटतं कित्येकांनी सुटकेचा श्वास सोडला असणार.

वर एकदम मोकळं. साधारण पस्तीस एकर. डोम ऑफ द रॉकचा सोनेरी घुमट, अल अक्सा मशीद, ऑलिव्हची झाडं, झाडाखाली डबे उघडून बसलेल्या बायका, एका बाजूला पोरांचा फुटबॉल. मग पूर्वेकडच्या कडेने दहा-पंधरा धार्मिक ज्यूंचा घोळका दिसला, पुढे पोलीस मागे पोलीस, पायात कापडी बूट, पवित्र भाग टाळून कडेकडेने चाललेले. हे लोक विधीप्रमाणे आंघोळ करून येतात. नियमाने इथे ज्यूंनी यायचं पण प्रार्थना करायची नाही, पण दोघंतिघं ओठ हलवत होते आणि पोलीस मोबाइल बघत होता. बाहेर पडताना घुमटाकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालत गेले. राजकारण काहीही असो, ते चालणं मला खोटं वाटलं नाही.

खाली सूक अल कत्तानिन, कापूस बाजार, त्याच्या टोकाचं हिरवं दार सरळ त्याच आवारात उघडतं. तिथे एका मिठाईच्या दुकानात बसलो. दुकानदार पॅलेस्टिनी, वयस्कर. काय बघायला आलात विचारलं तर मी माझा प्रश्न सांगून टाकला. तो म्हणाला, "तुम्ही विचारताय त्यांना हवंय का, मी विचारतो माझ्या मशिदीचं काय." बास, एवढंच, आणि वर पैसे घेतले नाहीत. आपल्याकडच्या वाचकाला इथे अयोध्या आठवणार, मलाही आठवली, पण एक मोठा फरक आहे की इथे मागणाऱ्यांच्याच शास्त्राने मागणाऱ्यांना ब्रेक लावलाय. तो ब्रेक सैल होतोय हेही खरं. १९८४ मध्ये घुमट उडवायचा कट करणारं ज्यू टोळकं पकडलं गेलं होतं, आणि आता तर वर जाणारे ज्यू वर्षाला पन्नास हजारांच्या पुढे गेलेत. हे मी घरी आल्यावर टाइप करतेय, मध्ये ऑक्टोबर २०२३ मधला हमासचा हल्ला होऊन गेला, त्यांनी त्याला नाव अल अक्साचंच दिलं. तेव्हा तो दुकानदार उगाच बोलत नव्हता.

इस्राएल म्युझियम मंगळवारी दुपारी चारला उघडतं, ते बरं पडलं. तिथे दुसऱ्या मंदिराच्या काळातल्या शहराचं दगडी मॉडेल आहे, एकास पन्नास मापाचं, १९६६ मध्ये एका हॉटेलच्या आवारात केलेलं आणि २००६ मध्ये इकडे हलवलेलं. आत एक शिलालेखाचा तुकडा, ग्रीकमध्ये, की परक्याने या कठड्याच्या पुढे यायचं नाही, आलास तर मरशील आणि दोष तुझाच. नवऱ्याने लगेच दोन पावलं मागे घेतली.

तिथे गाइड म्हणून काम करणारी एक बाई भेटली, डोक्याला घट्ट स्कार्फ, चांगली शिकलेली, आणि गप्पा मारायला एक नंबर. तिने सांगितलं की हा गोंधळ काय आजचा नाही. बाराव्या शतकातला ज्यू पंडित मैमोनिदेस एका ग्रंथात म्हणतो की बळी ही त्या काळच्या लोकांच्या सवयीला देवाने दिलेली सवलत होती, आणि दुसऱ्या ग्रंथात तोच मंदिराची इंच न इंच मापं देऊन सांगतो की मसीहा राजा, म्हणजे पुढे येणारा तारणहार, ते बांधणार. राशी नावाचा जुना भाष्यकार म्हणतो तिसरं मंदिर तयारच आकाशातून उतरेल, म्हणजे गवंड्याचा प्रश्नच मिटला. आणि ब्रिटिश काळातले मुख्य रब्बी कूक, ज्यांना राष्ट्रवादी धार्मिक लोक गुरू मानतात, त्यांनी असंही लिहून ठेवलंय की भविष्यात फक्त धान्याचं अर्पण असेल. बाई स्वतः शाकाहारी. मी म्हटलं, मग तुम्ही रोज नेमकं काय मागता? ती म्हणाली, "शब्द तेच म्हणते. बकरा आला की जरा भरभर म्हणते." आणि हसली. मग थोडं थांबून म्हणाली की देव इथे राहतो हे एकदा सगळ्यांना एकाच वेळी कळावं एवढं तिला हवंय, त्याचा पत्ता म्हणून मंदिर. अमेरिकेतल्या रिफॉर्म पंथाने हा प्रश्न कधीच निकालात काढलाय, १८४१ मध्ये चार्ल्सटनला त्यांचा पुढारी म्हणाला होता की हेच शहर आमचं जेरुसलेम आणि हीच वास्तू आमचं मंदिर, आणि प्रार्थनेतून ती वाक्यंच काढून टाकली. या बाईला ते पटत नाही. तिचं म्हणणं, वाक्य काढलं की प्रश्नही गेला, आणि प्रश्न हवाय तिला.

बुधवार, २६ जुलै

सकाळभर वाल सोलले. मोड मस्त आलेले. ज्यांनी कडवे वाल सोललेत त्यांना सांगायला नको की या कामात गप्पांशिवाय दुसरं काही करता येत नाही. मावशी सांगत होत्या, आपल्या पूर्वजांचं जहाज अलिबागजवळ नवगावला फुटलं तेव्हा ते दुसरं मंदिर उभं होतं म्हणतात, म्हणजे आपल्या लोकांनी ते पडताना बघितलंच नाही, मागाहून कधीतरी कळलं. मलिदा करतात ना, गोड पोहे, फळं, एलियाहू हन्नबी म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने, तेही मंदिरातल्या धान्याच्या अर्पणाची आठवण असं त्यांच्यात मानतात. "म्हणजे आमचं थोडं मंदिर ताटातच आहे," मावशी म्हणाल्या. मी विचारलं, खरं बांधलं तर जाल का बघायला? "जाईन की. लिफ्ट असली तर. गुडघे बघितलेस माझे?"

दुपारी मावशींना घेऊन त्यांच्या मुलीकडे जेरुसलेमला, कतामोनिममध्ये. जावई मोरोक्कन घराण्यातला, एसी दुरुस्तीचं काम करतो, आणि कोहेन आहे. कोहेन म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांचा वंश, बापाकडून मुलाकडे. या माणसाला बघून मला पहिल्यांदा मंदिर प्रकरण अंगावर आलं, कारण नोकरी साडेएकोणीसशे वर्षांपूर्वी गेली आणि नोकरीचे नियम अजून चालूच आहेत. स्मशानात जायचं नाही, सख्खा मामा गेला तेव्हा हा भिंतीबाहेर उभा राहिला. घटस्फोटित बाईशी लग्न करायची परवानगी नाही, आणि इस्राएलमध्ये ज्यूंची लग्नं रब्बींच्या हातात असल्याने ते नुसतं घरगुती बंधन राहत नाही. कोणाला पहिला मुलगा झाला की चांदीची पाच नाणी देऊन त्याला सोडवून घ्यायचा विधी असतो, त्याला याला बोलावतात. सिनेगॉगमध्ये (प्रार्थनास्थळात) बूट काढून, शाल डोक्यावरून घेऊन लोकांना आशीर्वाद देतो, तेव्हा बोटं अशी फाकलेली. मग घरी येऊन कॉम्प्रेसर उघडतो.

सूर्य मावळायच्या आधी शेवटचं जेवण, जमिनीवर बसून, उकडलेलं अंडं आणि पाव, वर चिमूटभर राख. नऊ दिवस मांस-दारू तशीही बंद. (त्यालाही वाट आहे, तालमूदचा एखादा भाग वाचून पूर्ण केला की तो आनंदाचा प्रसंग, त्या जेवणात मांस चालतं, त्यामुळे या दिवसांत अचानक बऱ्याच लोकांचे बरेच भाग पूर्ण होतात, हे जावईच डोळा मारून म्हणाला.)

रात्री पश्चिम भिंत. ही मंदिराची भिंत नाही, हेरोद राजाने डोंगराभोवती जो चौथरा बांधला त्याची आधारभिंत आहे, पण आता सगळी ओढ तिथेच येऊन थांबते. प्रचंड गर्दी. हजारो माणसं फरशीवर बसलेली, क्रॉक्स आणि कापडी बूट, हातात बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड, आणि जागोजागी विलापगीत वाचणारे घोळके, एकाचा सूर दुसऱ्यात मिसळतोय. बायकांच्या बाजूला माझ्या शेजारी एक म्हातारी हुंदके देऊन रडत होती, तिच्या पलीकडे तीन मुली घड्याळ बघून कोण कुठे भेटणार ते ठरवत होत्या. नवरा म्हणाला पुरुषांकडेही तेच, एकजण छाती पिटतोय आणि एकजण फोनवर पार्किंगचं विचारतोय. लाइबोविट्झ नावाचे एक धार्मिक प्राध्यापक होते, ते या भिंतीसमोरच्या गर्दीला चिडून डिस्कोथेकच्या चालीवर डिस्कोटेल म्हणायचे (भिंतीला हिब्रूत कोटेल म्हणतात), कारण दगडाची पूजा त्यांना मूर्तिपूजा वाटायची. आज डिस्को नव्हता. पण जत्रा होती, आणि जत्रेत जेवढी भक्ती असते तेवढी होती, कमी नाही जास्त नाही.

गुरुवार, २७ जुलै

पहाटे पुलाखाली गेलो तर वर जाणाऱ्यांची रांग लांबच लांब. कट्टर उजव्या पक्षाचा मंत्री बेन ग्वीर सकाळीच वर जाऊन आलेला, त्यामुळे कॅमेरे, पोलीस, बोंबाबोंब. दिवसभरात दोन हजारांच्या वर ज्यू वर गेले असं नंतर बातम्यांत आलं. रांगेत एक तरुण बाई, कडेवर बाळ, वेस्ट बँकमधल्या वस्तीतून आलेली. तिला विचारलं. ती उपाशी असून खुलली. म्हणाली रब्बी अकिवाची गोष्ट माहितीय का, मंदिराच्या जागी गाभाऱ्यातून कोल्हा पळताना दिसला, बाकीचे रब्बी रडले आणि अकिवा हसला, कारण नाशाची भविष्यवाणी खरी झाली म्हणजे परत उभं राहायचीही होणार. २०१९ मध्ये याच दिवसांत भिंतीजवळ खरोखर कोल्हे दिसले होते, व्हिडिओ आहे, तिने दाखवला. कोकरं? हो, चालतील, मटण खाता ना तुम्ही, मग? मशीद? "देव बघेल." हे मात्र ती चटकन म्हणाली, बाळाकडे बघत.

तिला हवंय, शंकाच नाही. आणि त्याच चौकात काळ्या कोटातले हरेदी लोक तिच्या रांगेकडे पाठ करून बसलेले, जे तिच्यापेक्षा कडक धार्मिक, तीच प्रार्थना तितक्याच वेळा म्हणणारे. त्यांच्या मते मसीहाच्या आधी वर चढणं म्हणजे देवाचा हात पिरगळणं. माझं मत विचाराल तर बहुतेक धार्मिक ज्यूंना ओढ आहे आणि घाई नाही, आणि ज्या थोड्यांना घाई आहे त्यांची बाकीच्यांना धास्ती आहे. यात ढोंग आहे असं मला नाही वाटत. मंदिर पडल्यावर रब्बी योहानान बेन झक्काईने यावने नावाच्या गावात शाळा काढली, बळीच्या जागी प्रार्थना आणि दयेचं काम आलं, आणि जो धर्म आज आहे तो तिथून वाढलाय. पुस्तक, सिनेगॉग, वाद, रब्बी, हे सगळं. उद्या मंदिर आलं तर कारभार परत वंशाने पुजारी असणाऱ्यांकडे, म्हणजे रब्बीने बाजूला व्हायचं आणि एसीवाल्याने पुढे यायचं. कोणता रब्बी मनापासून घाई करेल?

दुपारनंतर सुतक थोडं सैल होतं, खुर्चीवर बसता येतं. दुपारच्या प्रार्थनेत आज एक जास्तीचा भाग असतो, नाखेम, त्यात जेरुसलेमचं वर्णन शोकात बुडालेलं, उद्ध्वस्त, ओसाड शहर असं. बाहेर ट्राम धावतेय, फ्लॅटचे भाव गगनाला, आणि आत ओसाड शहर. १९६७ नंतर यावर जोरदार वाद झाला, रब्बी गोरेन यांनी नवा मजकूर केला, हाईम डेव्हिड हलेवी यांनी ओसाड होतं असा भूतकाळ घातला, आणि ओवादिया योसेफ यांच्यासारखे म्हणाले की एक अक्षर बदलायचं नाही, मंदिर नाही म्हणजे शहर ओसाडच. जावयाच्या सिनेगॉगमध्ये जुनाच मजकूर. त्याला विचारलं खटकत नाही का, तर म्हणाला कतामोनिमचा कचरा उचलायला गाडी येत नाही तेव्हा अजिबात खटकत नाही.

समोरची मोरोक्कन आजी चार वाजता उपाशीपोटी अख्खं घर पुसत होती. मसीहा याच दिवशी जन्मतो असं एक जुनं वचन आहे, तर तो आला तर घर घाण नको. आठनंतर उपास सुटला. मावशींनी बिरडं सकाळी लेकीच्या हातून फोडणीला टाकून घेतलेलं, नारळ, कोकम, गूळ. पहिले दोन घास कोणी बोललं नाही.

शुक्रवार, २८ जुलै

मंदिर दहा तारखेलाही जळत होतं म्हणून दहा तारखेलाही दुपारपर्यंत मांस आणि कपडे धुणं टाळायची रीत. दुपार झाली आणि अख्ख्या बिल्डिंगची वॉशिंग मशीन एकदम सुरू. आम्ही लोदला परत.

रविवार, ३० जुलै

नऊ आवच्या आधीच्या तीन आठवड्यांत लग्नं नसतात, म्हणून शोक संपला की एकदम सगळे हॉल बुक. मावशींच्या नात्यात लग्न होतं, आम्हालाही आमंत्रण. मांडवात नवऱ्या मुलाने स्तोत्रातली ती ओळ म्हटली की जेरुसलेमा, तुला विसरलो तर माझा उजवा हात लुळा पडो, पायाखाली फॉइलमध्ये गुंडाळलेला ग्लास, कडकन आवाज, आणि त्याच क्षणी चारशे माणसं माझेल तोव म्हणून ओरडली, डीजे सुरू, चिकन आलं. मंदिराला मिळाली साधारण दहा सेकंद. नवरा म्हणाला, दहा सेकंद पण गेली साडेएकोणीसशे वर्षं.

जावई उशिरा आला, कुणाचा तरी एसी बंद पडला होता आणि बाहेर मरणाचं उकडत होतं. प्लेट घेऊन आमच्याच टेबलवर बसला तेव्हा मी राहवेना म्हणून शेवटी त्याला सरळ विचारलं की तुला हवंय का रे. त्याने अगदी गंभीरपणे हिशेब सांगितला. पुजाऱ्यांच्या चोवीस पाळ्या, प्रत्येक पाळीला एक आठवडा, म्हणजे वर्षातून साधारण दोनदा ड्युटी, वर सणांना सगळ्यांनी हजर राहायचं. मिलुईमसारखंच की, म्हणाला, लष्कराची राखीव ड्युटी तरी काय वेगळी असते, बोलावलं की जायचं, मालकाने पगार कापायचा नाही. आपण कुठल्या पाळीतले हे त्याला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही, ते आधी ठरवावं लागेल. रक्त बघवत नाही तेवढी एक अडचण आहे. म्हणून त्याने त्याच्या रब्बीला विचारून ठेवलंय की कोहेनला बळीऐवजी धूपाचं काम मागता येतं का.

मग रब्बी काय म्हणाले, मी विचारलं.

"म्हणाले ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. आणि म्हणाले सिनेगॉगचा एसी गळतोय, आधी तो बघ."